तंकमणीचा पत्ता

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण नारायण पेठेतल्या प्रेमला वर्तकांनी पुणे स्टेशनसमोरच्या एका लॉजमध्ये नऊ दिवस राहून कन्याकुमारी पाहिली होती. पाहिली म्हणजे अगदी खडकावर उभं राहून, पदर कमरेला खोचून, तीन समुद्रांचं पाणी तीन चवींचं लागतं की नाही ते बोट बुडवून चाखून. तिथल्या वाऱ्याने त्यांची छत्री उलटी केली होती आणि ती मोडकी छत्री पुराव्यादाखल दाराआड टांगलेली होती. आता छत्री काय, लक्ष्मी रस्त्यावरही उलटी होते. पण पेठेत पुरावा मागायची पद्धत नाही. पेठेत नुसतं "असं का?" म्हणतात आणि जिना उतरताना हसतात. प्रेमलाबाईंना मात्र कोणी हसलं नव्हतं. एकोणसाठीची बाई, लग्न नाही, मागे-पुढे कोणी नाही, टेलिफोन खात्यातली नोकरी सोडलेली, आणि एकटी जाऊन भारताच्या टोकाला पाय लावून येते, म्हटल्यावर मंगळवारच्या भजनी मंडळात त्यांची जागा दाराजवळून सरकत सरकत पेटीशेजारी आली होती. पेटीशेजारची जागा सोडायची तर माणसाला फार मोठं मन लागतं, आणि प्रेमलाबाईंचं मन तेवढं मोठं नव्हतं. असतं तर ही गोष्ट एका वाक्यात संपली असती.

तर दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी प्रियदर्शनी म्हणाली, "मग मी तंकमणी आंटीकडेच उतरते नं, मावशी, तुम्ही उतरल्या होत्या तिथं. मंगळवारी सकाळी गाडी त्रिवेंद्रमला पोचते, कंपनीचं गेस्ट हाउस बुधवारपासून आहे. एका रात्रीचा तर प्रश्न आहे." खारी चहात तुटून तळाशी गेली. तिची नव्हे, प्रेमलाबाईंची. प्रियदर्शनी ही त्यांची पेइंग गेस्ट, पुढच्या खोलीत राहणारी. चंद्रपूरची. हिंजवडीला एका कंपनीत टेस्टिंग करायची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायची आणि त्याचा पगार घ्यायची. हे ऐकल्यावर प्रेमलाबाई म्हणाल्या होत्या, "अगं, हे तर आमच्या पेठेत सगळे फुकट करतात." त्या कंपनीने तिला आता तीन महिन्यांसाठी त्रिवेंद्रमला धाडायचं ठरवलं होतं, तेही एकटीला, आणि रविवारी संध्याकाळची गाडी होती. उद्याचीच. प्रेमलाबाईंनी चमच्याने खारीचा लगदा वर काढला, बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "उतर की. तिला आनंदच होईल." म्हणताना आवाज अगदी स्वच्छ आला. एकतीस वर्षं परगावचे फोन जोडत ट्रंक बोर्डावर बसलेल्या बाईचा आवाज. आतली बाई काहीही करत असो, आवाज आपला ताठ बसलेला असायचा.

आणि आता त्या आवाजामागे एक भरवसाही उभा होता. शुक्रवारी चंद्रपूरहून कौशल्याबाईंचा, म्हणजे प्रियदर्शनीच्या आईचा, फोन आला होता. "ताई, तुमची मैत्रीण आहे थ्या गावात म्हणून पाठवून राहिलो पोरीला. नाही तर मी तर नाहीच म्हणत होती. तुम्ही एकट्या जाऊन आल्या नं, तुमच्याकडे पाहूनच हिंमत केली." प्रेमलाबाईंनी "अहो, काही काळजी करू नका" असं म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर हात पदराला पुसले. हात कोरडेच होते. कौशल्याबाईंचा आवाज फोनमध्ये थोडा लांबून येत होता, जुन्या ट्रंक लाइनसारखा, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती, आणि प्रेमलाबाईंना वाटलं, या बाईने आपली मुलगी माझ्या तोंडावर टाकली. हातावर नाही, तोंडावर. माझं तोंड जे जे बोललं त्यावर ती पोर पाय ठेवून चालत जाणार.

तंकमणी होती, यात खोटं काही नव्हतं. त्रिवेंद्रमच्या एक्स्चेंजमध्ये ती होती आणि पुण्याच्या एक्स्चेंजमध्ये प्रेमलाबाई, आणि मधे मद्रासमार्गे एक तार. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. "हॅलो त्रिवेंद्रम, पूना कॉलिंग." तिकडचा माणूस फोनवर येईपर्यंत जी काही वीस-तीस सेकंदं मिळायची त्यात या दोघी बोलायच्या, एकीचं इंग्रजी मोडकं आणि दुसरीचं वाकडं. सतरा वर्षांत मिळून एखादी दुपार भरेल इतकं बोलणं झालं असेल. तंकमणीचा नवरा आखातात होता. तिच्या अंगणात एक नारळाचं झाड होतं, ते कलत चाललं होतं आणि ते शेजाऱ्याच्या घरावर पडणार की आपल्या, याची तिला चिंता होती. ती म्हणायची, पूना, तू ये, माझ्याकडे राहा, मी तुला माशाची आमटी करून घालते. प्रेमलाबाई म्हणाल्या, मी मासे खात नाही. त्यावर तंकमणी तीस सेकंद हसली, आणि ट्रंक लाइनवर तीस सेकंद म्हणजे फार. मद्रासची ऑपरेटरही हसली. भारतभर अशा किती जणी होत्या. गुवाहाटीची एक सारखी खोकायची, ग्वाल्हेरची एक फक्त उन्हाबद्दल बोलायची. प्रेमलाबाई एका खुर्चीवर बसून सगळा देश कानाने पाहत होत्या, आणि त्यांना कधीच वाटलं नव्हतं की आपण एकट्या आहोत. मग गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. लोक आपले आपण नंबर फिरवू लागले. बोर्डावरचे दिवे लागेनासे झाले, आधी त्रिवेंद्रमचा, मग ग्वाल्हेरचा, आणि एके दिवशी त्यांना तक्रार विभागात बसवलं. तिथे फक्त पुणेकर बोलायचे. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

चहा झाल्यावर प्रेमलाबाई "दूध आणते" म्हणून खाली उतरल्या आणि कोपऱ्यावरच्या माधवच्या बूथमध्ये शिरल्या. माधव म्हणाला, "काय मावशी, घरचा फोन रुसला वाटतं?" त्या म्हणाल्या, "तू बिल फाड, चौकशा फाडू नकोस." काचेचं दार लावून त्यांनी त्रिवेंद्रमच्या चौकशीचा नंबर फिरवला. पलीकडे एक तरुण मुलगी आली, घाईत होती. तंकमणी? आडनाव काय? ट्रंक बोर्ड? तो केव्हाच बंद झाला, मॅडम. या नावाचं इथे कोणी नाही. प्रेमलाबाई सवयीने म्हणाल्या, "थँक यू, त्रिवेंद्रम." मुलीने काही न बोलता फोन ठेवला. काचेच्या खोक्यात उष्ण दमट वास होता, आधीच्या माणसाच्या श्वासाचा. आडनाव काय? सतरा वर्षांत त्यांनी तंकमणीला आडनाव विचारलं नव्हतं. तिनेही यांना कधी प्रेमला म्हटलं नव्हतं. ती यांना पूनाच म्हणायची.

परत येताना दूध आणायचं राहिलं. जिन्याच्या चौथ्या पायरीवर त्यांना तो प्लॅटफॉर्म आठवला. आठवला कसला, तो कधी डोक्यातून गेलाच नव्हता. तीन वर्षांपूर्वी, नोकरी सोडल्यावर, त्यांनी कन्याकुमारीचं तिकीट काढलं होतं, खरंखुरं, खिडकीवर रांग लावून. वाटेत त्रिवेंद्रमला उतरायचं आणि एक्स्चेंजमध्ये जाऊन हाक मारायची, असा बेत. साऱ्या गल्लीला सांगून झालं. शेजारच्या हेमाने डब्यात दशम्या दिल्या, भजनी मंडळाने ओटी भरली, जशा काही त्या सासरी निघाल्या होत्या. गाडी लागली. डब्याच्या दाराशेजारी नावांची यादी चिकटवलेली होती आणि तिच्यात त्यांचं नाव होतं, वर्तक प्रेमला, स्त्री, छप्पन्न, आसन तेवीस. ते नाव त्यांनी तीनदा वाचलं. इतकं नीट छापलेलं नाव त्यांनी पगारपत्रकाबाहेर कधी पाहिलं नव्हतं. मागून माणसं ढकलत होती, "ओ आजी, चढताय का?" आणि त्या खरंच चढणार होत्या. फक्त पाय उचलला जात नव्हता. कोणी धरून ठेवावा तसा नाही. उचलायचा कसा हेच पायाला आठवत नव्हतं. मग गाडी हलली. यादी समोरून गेली, तिच्यातलं नाव गेलं, पुढचा डबा, त्याच्या पुढचा, आणि शेवटी डब्यामागचा तांबडा दिवा. नाव कन्याकुमारीला गेलं आणि बाई पुण्यात राहिली.

घरी कसं जायचं? ओटी भरलेली होती. त्या स्टेशनबाहेर आल्या, रस्ता ओलांडला आणि पहिली पाटी दिसली त्या लॉजमध्ये खोली मागितली. मॅनेजरने विचारलं, कुठून आलात? त्या म्हणाल्या, त्रिवेंद्रम. का म्हणाल्या, देवाला ठाऊक. आणि गंमत अशी, की माणसाला सगळ्यात जास्त भीती आपल्याच गावात परकं म्हणून राहताना वाटते. पहिले दोन दिवस त्या खाटेवर बसून होत्या, पिशवी मांडीवर. खोल्या झाडायला यायची ती नसीमबानू, कसबा पेठेतली, तीन पिढ्यांची पुणेकर. तिने एकदा दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, नुसत्या कडीवर भरवसा नका ठेवू. कडीला खुर्ची लावा, खुर्चीवर तांब्या ठेवा. दार हललं की तांब्या बोलतो." मग रोज एकेक गोष्ट सांगायची. खाली किल्ली देताना खोलीचा नंबर मोठ्याने बोलू नका. कुणी विचारलं तर भाऊ येतोय म्हणा, आणि येतोय ते आत्ता म्हणा, उद्या नाही. हरवल्यासारखं वाटलं तरी चालणं थांबवू नका; थांबायचंच तर दुकानाशी थांबा, बांगडीवाल्याशी, तिथं बायकाच असतात. एकटीने जेवताना भिंतीकडे पाठ. प्रेमलाबाई हे सगळं शिकल्या आणि हे सगळं त्यांनी केलं, घरापासून दोन मैलांवर. स्टेशनवरच्या घोषणा खिडकीतून ऐकू यायच्या. सोलापूर. गुंटकल. त्या मनात प्रवास पुढे ढकलायच्या, आज कोइमतूर आलं असेल, आज पालघाट.

सहाव्या दिवशी त्यांनी तोंडाला स्कार्फ गुंडाळला. त्या वर्षी पुण्यातल्या स्कूटरवरच्या साऱ्या पोरी डोळे सोडून सगळं गुंडाळायला लागल्या होत्या, त्यात एक चालणारी म्हातारी कोणाच्या नजरेत भरते! त्या बसने नारायण पेठेत आल्या आणि आपल्याच इमारतीसमोर, पलीकडच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. आपली गॅलरी बंद होती. कबुतर बसलं होतं. हेमा खाली भाजीवालीशी बोलत होती आणि तिचं वाक्य रस्ता ओलांडून आलं, "आमच्या प्रेमलाताई आज कन्याकुमारीला असतील. एकट्या हं!" प्रेमलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, स्कार्फ ओला झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुठे आहेत याचा कोणीतरी विचार करत होतं. पुण्यात, या घरात, चाळीस वर्षं असताना हा विचार कोणी केला नव्हता, कारण त्या तिथेच होत्या. पलीकडे जाऊन "अगं हेमा" म्हणायला वीस पावलं पुरली असती. त्या बस पकडून लॉजवर परतल्या. येताना रास्ता पेठेतल्या मद्रासी दुकानातून केळ्याचे वेफर आणि एक शंख घेतला. नवव्या दिवशी रिक्षातून गल्लीत उतरल्या तेव्हा उन्हाने रापल्यासारख्या दिसत होत्या, असं सगळे म्हणाले.

आणि हे असं सगळं पोटात घेऊन शनिवारी दुपारी त्या पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. प्रियदर्शनी जमिनीवर बसून बॅग भरत होती, मांडीवर वही. "या मावशी. मी लिस्ट करून राहिली. खुर्ची-तांब्या लिहिलं. भाऊ येतोय लिहिलं. बांगडीवाला लिहिलं. आता पत्ता सांगा."

सांगून टाकावं. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. प्रेमलाबाईंनी तोंड उघडलं आणि आतून ते वाक्य चढेचना, पायरीवर त्या दिवशी पाय चढला नाही तसंच. आणि तोंड तर उघडं होतं. त्यातून काहीतरी यायलाच हवं. तेव्हा त्यांना एक युक्ती सुचली, अशी युक्ती की जी फक्त सराईत थापाड्यालाच सुचावी. आपल्याला खरं बोलता येत नसेल तर खोटं इतकं फुगवावं की ते आपोआप फुटावं. पोर हुशार आहे. चुका शोधायचा पगार घेते. सापडेल तिला.

"पत्त्याचं मग," त्या म्हणाल्या. "आधी वाट ऐक. गुंटकलला गाडी थांबली की स्टेशनमास्तर स्वतः डोसे घेऊन येतो. पगडी घालून."

"स्वतः?"

"स्वतः. बायकांच्या डब्यात आधी."

"गुंटकल, डोसा," प्रियदर्शनीने लिहिलं. "भारीच की."

"केरळ लागलं की रूळ पाण्याखाली जातात. ड्रायव्हरशेजारी नावाडी बसवतात."

"ते बॅकवॉटर्स. नेटवर फोटो पाहिले मी."

प्रेमलाबाईंना घाम फुटला. "स्टेशनबाहेर हत्ती उभे असतात. रिक्षा नसतात. मीटरने नेतात."

प्रियदर्शनी खळखळून हसली. "मावशी, तुम्ही पण! तुमच्यासारखं मजेत राहायला पाहिजे प्रवासात. मी उगाच टेन्शन घेते." आणि तिने खरोखरच वहीत काहीतरी लिहिलं, बहुधा 'मजेत राहणे'. प्रेमलाबाईंना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. हिला कोणी काहीही सांगेल. स्टेशनवर उतरेल, आणि कोणीतरी गोड आवाजात म्हणेल, चला, मी तंकमणीकडे नेतो.

"पत्ता, मावशी."

त्यांनी वही घेतली. अक्षर मोठं काढलं. तंकमणी, टेलिफोन क्वार्टर्स, नारळाच्या झाडापाशी, त्रिवेंद्रम.

प्रियदर्शनीने वाचलं. "नारळाच्या झाडापाशी? केरळात? किती झाडं असतील मावशी तिथं!"

"एकच."

"एकच?"

"बाकीची तोडली. आणि घराला दार नाही. चोवीस तास उघडं. वाघ येऊन बसतो कधीकधी, पण काही करत नाही."

प्रियदर्शनी या वेळी हसली नाही. तिने पेन दातात धरलं आणि प्रेमलाबाईंकडे पाहिलं, बराच वेळ. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. प्रेमलाबाईंच्या छातीत काहीतरी हलकं झालं. आता. आता म्हण, पोरी. पण ती निराळंच बोलली, खाली मान घालून, बॅगेच्या चेनशी खेळत.

"मावशी, एक खरं सांगाल? हसू नका. गाडी सुटली तेव्हा किती भीती वाटली तुम्हाला?"

आणि इथे घात झाला. एवढा वेळ मुद्दाम खोटं बोलणाऱ्या प्रेमलाबाई इथे मुद्दाम बोलल्या नाहीत. तो ताठ बसलेला आवाज आपला आपण बोलला, पेटीशेजारच्या जागेवरून बोलल्यासारखा. "भीती? मला? छे! गाडी हलली तशी मी डबा उघडून दशमी खाल्ली. दौंडच्या आत झोपलेसुद्धा. भित्र्या बायकांचं काम नाही ते."

"एक टिपूसही नाही आलं डोळ्यात?"

"कशाला येईल?"

प्रियदर्शनीने पेनाला टोपण लावलं. "मी पहिल्यांदा चंद्रपूरहून पुण्याला आली नं," ती सावकाश म्हणाली, "तर वर्धा येईपर्यंत तीनदा बॅग उचलून दारात जाऊन उभी राहिली. उतरून जाऊ म्हटलं. आईचं तोंड आठवलं म्हणून परत येऊन बसली. समोर एक म्हातारी बाई होती, नेहमी जाणारी-येणारी, ती म्हणाली, रड पोरी, मी अजून रडते, अकोल्यापर्यंत. मागच्या वर्षी ट्रेनिंगला बंगलोरला गेली तेव्हा पण तसंच. उद्या पण रडणार मी, माहीत आहे मला. बसणार, पण रडणार."

स्कूटर एकदाची सुरू झाली आणि गल्लीतून निघून गेली. प्रियदर्शनीने वहीतलं पान फाडलं, दोनदा घडी घातली, आणि प्रेमलाबाईंचा हात उघडून त्यात ठेवलं. तिचा हात गार होता. मग ती त्यांच्याकडे वर बघत म्हणाली, अगदी हळू नव्हे, शेजारी ऐकू जाईल इतक्या आवाजात,

"मावशी, तुम्ही त्या गाडीत बसल्याच नाही."